मयेकरांचं समाधान

मंगळवारी दुपारी मयेकर कुटुंब समाधानी झालं. तसं काही झालंच नाही, असं पाच मिनिटांत सर्वानुमते ठरलं.

कारण समुद्राबाहेर उरलेली जमीन फक्त असमाधानी कुटुंबांनाच मिळायची, आणि प्रत्येक होडीच्या डोलकाठीवर समाधान मोजणारं सरकारी यंत्र होतं. अकरा वर्षं शिडाच्या होडीत काढून मयेकरांचा यादीत दुसरा नंबर आला होता. नऊ वर्षांच्या केतकीने अजून जमिनीवर पाय ठेवला नव्हता. आणि आज नेमकी सुकटीची चटणी जमली, वारा बरा सुटला आणि यंत्राचा हिरवा दिवा लागला.

“भांडा लवकर,” शालन नवऱ्याला म्हणाली.

“तुझा भाऊ मूर्ख आहे,” दिगंबरने सुरुवात केली.

“ते खरंच आहे हो.”

दोघंही हसली. रडायचा प्रयत्न करणारी केतकीसुद्धा हसली. दिवा आणखी हिरवा झाला.

संध्याकाळी यादीतून नाव गेलं. मग दिवा लाल झाला, पण एकदा समाधानी झालेल्यांचं पुन्हा मोजायचं नाही, असा नियम होता.

दिगंबरने अर्ज लिहिला : ‘सदर समाधान अनवधानाने झाले असून पुन्हा होणार नाही. तरी ते रद्द करून आम्हांस पूर्ववत असमाधानी समजण्यात यावे, ही नम्र विनंती.’