दोनशे वर्षांची बंदूक

"ही माझ्या पणजोबांची," असं म्हणत अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या मालकाने, ठासणीची ती लांबलचक बंदूक गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांवर अलगद ठेवली. "दोनशे वर्षं आमच्या घरात आहे."

बंदूक दोनशे वर्षांची नव्हती. नऊ आठवड्यांची होती. दारात उभ्या असलेल्या जैनुद्दीनला हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तिचा लाकडी दस्ता त्यानेच तासला होता आणि चांदीच्या पट्ट्याही त्यानेच ठोकून बसवल्या होत्या. नळी तानाजीची. दुकानामागच्या कारखान्यात लेथवर त्याने पंधरा दिवस जीव ओतला होता तिच्यात. मग अर्बाबने दस्त्याला काळ्या चहाचे चार हात दिले, नळीला मिठाचं पाणी लावून गंज चढवला, आणि आज सकाळी दस्त्याखाली कोरलेलं 'जैनुद्दीन, हर्णै' कानशीने घासून टाकलं. कानससुद्धा जैनुद्दीनचीच.

गिऱ्हाईक दुबईहून आलं होतं, जुन्या बंदुकांचं शौकीन. त्याने दाराकडे मान वळवली. "आणि हे कोण?"

"हा? हा चहा करतो, पुसापुशी करतो."

एकवीस वर्षं ओमानमधल्या इब्रात काढलेल्या माणसाला एवढं अरबी कळतं, हे अर्बाबला ठाऊक होतं. कळलं तरी चालेल, असंच त्याला वाटत होतं. जैनुद्दीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

तानाजीने मागून त्याची बाही ओढली. "चाचा, गप ऱ्हावा. दोघांचा व्हिसा त्याच्या हातात हाय. माझी प्रियांका बारावीला हाय अजून."

"मी कुठं काय बोललो?"

"तोंडावर दिसतंय तुमच्या."

इब्राच्या बाजारात ठासणीची बंदूक कुणी नुसती बघून घेत नाही, ऐकून घेतात. गोळी घालायची नाही, फक्त दारू ठासायची, वात पेटवायची आणि पटांगणात बार काढायचा. त्यातही रीत आहे. बंदूक जुनी असेल तर चिमूटभर दारू, दस्ता जमिनीला टेकवलेला आणि तोंड दुसरीकडे. म्हाताऱ्या लोखंडाचा काय भरवसा! नवी असेल तर दारू ठेवायच्या शिंगाच्या झाकणाचं पुरं माप, आणि दस्ता गालाला. तोही बनवणाऱ्याच्या गालाला. ज्याने केली त्याने आपलं तोंड पणाला लावल्याशिवाय नवी बंदूक विकली जात नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

अर्बाबला स्वतःला बंदूक ठासता येत नव्हती. पणजोबांना हे बघावं लागलं नाही, हे त्यांचं नशीब.

"यल्ला, जैनुद्दीन," तो म्हणाला. "बार काढ. चिमूटभरच. म्हातारी आहे ती."

पटांगणात भिंतीच्या सावलीला चार-पाच म्हातारे काठ्या टेकवून बसले होते. बार निघणार म्हटल्यावर त्यांनी गप्पा आवरल्या. गिऱ्हाइकाने मोबाइल वर धरला. तानाजी कारखान्याच्या दारातून पुढे आला नाही.

जैनुद्दीनने दस्ता जमिनीला टेकवला आणि शिंगातून झाकणात दारू ओतली. चिमूटभर झाली. तो ओततच राहिला. झाकण काठोकाठ भरल्यावर त्याने ते नळीत उलटं केलं आणि गजाने दारू ठासली, घाई न करता. नळीच्या कान्यावर, त्या बारीक भोकावर, पेट घेणारी रंजक टाकली.

"बस, बस! काय करतोस?" अर्बाब ओरडला. तोवर वात पेटली होती.

जैनुद्दीनने बंदूक उचलली आणि दस्ता गालाला लावला. सावलीतला एक म्हातारा काठीवर जोर देऊन उभाच राहिला.

बार असा झाला की बाजारातले झाडून सगळे पारवे उडाले. धुरात काही दिसेना. धूर ओसरला तेव्हा जैनुद्दीन तिथेच उभा होता आणि नळीला साधा चराही गेला नव्हता.

उभा राहिलेला म्हातारा खदखदून हसला. "अरे, ही तर बाळ आहे! मुबारक!" गिऱ्हाइकाने मोबाइल खाली घेतला आणि अर्बाबकडे नुसतं बघितलं.

अर्बाबचा चेहरा लालबुंद झाला. "खलास," तो जैनुद्दीनला म्हणाला. "उद्या तुझं तिकीट."

"काढा," जैनुद्दीन म्हणाला. आवाज खणखणीत होता. "चहा करणारा दुसरा मिळेल तुम्हाला."

म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्याने दस्त्यावरून तळवा फिरवला. "हा कुणी केला?"

"मी. जैनुद्दीन. हर्णैचा."

"आणि नळी? अशी नळी मी कितीक वर्षांत ऐकली नाही."

अर्बाब कान टवकारून उभा होता. जैनुद्दीनने कारखान्याच्या दाराकडे मुद्दामच पाहिलं नाही.

"नळीचं मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "बाहेरून आली होती."

मागून पावलं वाजली. तानाजी पटांगण ओलांडून आला आणि त्याने जैनुद्दीनच्या हातातून बंदूक काढून घेतली. नळी अजून कढत होती. त्याने तिच्यातून ओला बोळा फिरवला, शिंग मागून घेतलं, पुरं माप भरलं, आणि दस्ता गालाला लावला.