अंगूरखान्याची साक्ष

"ज्यानं जुनी चाखली असेल, त्यानं पुढं यावं," हैदराबादचा व्यापारी म्हणाला.

टेबलावर लाल वाइनचा एक पेला भरून ठेवलेला होता. अंगूरखान्याच्या पटांगणात सगळं गाव जमलेलं. कुणी हललं नाही.

उदगीरजवळचा हा वाइनचा कारखाना निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या साली बंद पडला. पुढं पस्तीस वर्षं त्याच्या तळघरात वटवाघळं राहिली. हनीफमियांच्या हातची इथली लाल वाइन एकेकाळी हैदराबादच्या मेजवान्यांत नावाजलेली. त्यांच्या नातवानं, वाजिदनं, तळघर झाडून घेतलं, काळ्या द्राक्षांचे वेल लावले. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीतून परवाना मिळाला आणि नेमका त्याच साली पाऊस गेला. गावातल्या तीस बायका खडी फोडायचं सोडून वाजिदकडं कामाला आल्या. दीड कोसावरून घागरींनी पाणी आणून त्यांनी वेल जगवले. त्यातून चार पिंपं वाइन निघाली.

व्यापारी चारही पिंपं घ्यायला तयार होता, पुढच्या सालांचीही. अट एकच. 'हनीफची लाल' हे जुनं नाव लावायचं, तर ही तीच आहे असं जुनी चाखलेल्या माणसानं सांगायला हवं. नाहीतर तो रिकाम्या गाडीनं परत जाणार होता, आणि बायका पुन्हा खडीवर.

वाजिदनं स्वतः कधी थेंब घेतला नव्हता. त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांकडं पाहिलं. गुरुलिंगप्पा जमिनीकडं बघू लागले. बाकीच्यांनी माना फिरवल्या. सरपंच ईश्वरप्पा समोरच उभा होता. त्याच्यासमोर, गळ्यात लिंग असताना, वर्ज्य असलेली दारू चाखल्याचं कोण लिंगायत कबूल करणार?

मग बायकांच्या घोळक्यातून सिद्धम्मा उठली. ईश्वरप्पाची आई. साठी ओलांडलेली. स्वामी गावात आले की त्यांचे पाय धुण्याचा पहिला मान तिचा.

"आई, कुठं निघालीस?"

"थांब तू."

तिनं पदर सारखा केला, पेला उचलला. एक घोट तोंडात धरून ती डोळे मिटून उभी राहिली. मग गिळला.

"तीच हाय," ती म्हणाली. "जरा तुरट लागतीया. अजून चार महिनं पिंपातच ऱ्हाऊ द्या. मग तुरटपणा बसंल."

तो तुरटपणा सकाळी चाखताना व्यापाऱ्यालाही जाणवला होता. त्यानं वाजिदच्या हातात हात दिला. बायकांमध्ये कुजबुज उठली.

ईश्वरप्पाचा चेहरा उतरला होता. "आई तरणी असताना इथं पिंपं धुवायला यायची," तो लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चुकून एखाद्या वेळी लागली असंल जिभेला. व्हय ना, आई?"

सिद्धम्मानं पेला खाली ठेवला.

"चुकून न्हाई रे. सहा वर्षं, रोज. हनीफभाईला ती हराम. जल्मात थेंब घेतला न्हाई त्यानं. पिंप उघडलं की मला हाक मारायचा. मी थांब म्हणले की थांबायचा, झालं म्हणले की बूच मारायचा." ती वाजिदकडं वळली. "हात तुझ्या आज्याचा हुता, लेकरा. जीभ माझी."