एखादी पट्टी

वाजवताना चुकलं की अप्पा खुशाल पियानोला शिव्या घालायचे. वीस वर्षं हेच चाललेलं. उद्या व्याही खास ऐकायला येणार, म्हणून बायकोने थेट सूर लावणाऱ्यालाच बोलावून घेतलं.

"आता कळेल, खोट कुणात आहे ते!" टोमणा मारून ती आत गेली.

सूर लावणारा एकेक तार ताणून जुळवत होता आणि इकडे अप्पांना घाम फुटत होता. शेवटी न राहवून ते त्याच्या कानाशी लागले. "अहो, एखादी पट्टी बेसूरच राहू द्या ना. नाहीतर व्याह्यांसमोर अब्रू जाईल माझी."

"तीन ठेवल्यात की," तो हत्यारं आवरत म्हणाला. "काकूंनी फोनवरच सांगितलंय, एकीने यांचं भागायचं नाही म्हणून."