दुसरं कडवं

"आलास? बस," पंढरीनाथ अण्णा मोठ्यानं म्हणाले. तीन वर्षांनी बोलले ते एवढंच, पण मिलिंदला तेवढ्यानंही भरून आलं.

कामतघरच्या चाळीत, अण्णांच्या याच ओट्यावर तो भीमगीतं शिकला. मग त्याचं हळदीचं डीजेवालं गाणं निघालं आणि मानकोलीपासून वडप्यापर्यंत एकही मांडव त्याच्यावाचून राहिला नाही. लोकांनी अण्णांचे कान भरले. जयंतीला अण्णांनी भर स्टेजवरून सांगून टाकलं, "या पोरानं गळा विकला." झालं. नाव झालं, पैसा आला, पण मिलिंदला त्यातलं काही गोड लागेना.

"अण्णा, एकदा ऐका तरी. मग जोड्यानं मारा," असं म्हणत त्यानं टेप उंबऱ्यावर ठेवला. चंपाकाकूंनी वायर आत नेऊन लावली.

अण्णा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बत्तीस वर्षं लूमवर ड्युटी केलेला माणूस. बोलणं कमी, पण नजर समोरच्याच्या ओठांवरून हलायची नाही. चाळीतली पोरं त्या नजरेला टरकून असायची.

मिलिंदनं बटण दाबलं. दुपारची गल्ली कधी नव्हे ती शांत होती. तो काही सांगायला गेला, तर अण्णांनी हातानंच गप्प केलं आणि डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

मिलिंदनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी नुसती मान हलवली, राहू दे म्हणून. मिलिंदचे डोळे भरून आले. तो खाली बघत बसून राहिला.

चार-पाच मिनिटांनी अण्णांची बोटं थांबली.

"दुसऱ्या कडव्याला घाई केलीस. ही खोड तुझी जुनीच हाय."

"हो अण्णा."

"पण गळा विकलेला न्हाय. लोक बोलले तेच मी बोललो, पोरा. चुकलं माझं."

मिलिंदनं त्यांचे पाय धरले. अण्णा कितीतरी वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते. शेवटी काकूंनीच अण्णांच्या खांद्याला हात लावला आणि चहा पुढे केला.

अण्णा तो बशीत ओतत होते, तेवढ्यात लाइट आली. गल्लीतले लूम एकदम खडखडू लागले आणि उंबऱ्यावरच्या टेपमधून मिलिंदच्या गाण्याची पहिली ओळ सुरू झाली. अण्णा निवांतपणे बशीतला चहा फुंकत राहिले.