केसरबाईचा हात

"दादा, आज जाऊ नका. बसा आईजवळ," केसरबाई म्हणाली, आणि विश्वजीतच्या बोटात फिरणारी मोटारसायकलची चावी थांबली.

निशा सिस्टर दचकून वळली. केसरबाई त्या वॉर्डातली आया, सव्वीस वर्षांची जुनी. तिनं असं म्हणायचं म्हणजे काय, हे छावणीजवळच्या त्या दवाखान्यात झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्या पेशंटच्या पायाच्या तळव्याला ती उलटा हात लावायची आणि सांगायची, घरच्यांना बोलावून घ्या. तो हात आजवर चुकला नव्हता.

निशाला रागही आला. दोनच दिवसांपूर्वी तिनं सगळ्या स्टाफचं ट्रेनिंग घेतलं होतं. म्हातारं माणूस शेवटाकडं निघालंय हे कसं ओळखायचं? जेवण तुटतं, झोप वाढते, श्वास मध्येच थांबतो, तळवे गार पडतात. तळव्यांचं तर ती केसरबाईकडूनच शिकली होती, म्हणून कौतुकानं तिलाच पुढं उभं करून सांगायला लावलं. आणि शेवटी चारचारदा बजावलं, की खूण दिसली तर आधी सिस्टरला सांगायचं, सिस्टर डॉक्टरांना सांगेल, नातेवाइकांशी डॉक्टरच बोलतील. तेव्हा केसरबाईनं नंदीबैलासारखी मान हलवली होती. आज सगळं ट्रेनिंग घातलं चुलीत.

अकरा नंबरच्या खाटेवर सारजाबाई होत्या. न्यूमोनियानं आल्या, त्याला आठ दिवस झाले. मुलगा विश्वजीत पैठणकडून रोज यायचा, खोटं कशाला बोला. पण बूड टेकायचा नाही. उभ्याउभ्या विचारायचा, "जेवली का? गोळ्या घेतल्या का?" की दहा मिनिटांत पसार. म्हातारीची नजर मात्र सकाळपासून दाराला. आज तर त्याला जास्तच घाई होती. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि संध्याकाळी त्याच्या गव्हाची पाळी होती. ती चुकली की पुन्हा पंधरा दिवस वाट बघणं आलं.

निशा तळवे बघायला पुढं झाली. केसरबाई आधीच ब्लँकेट दोन्हीकडून खोचून पायथ्याशी ठाण मांडून बसली होती.

"ऱ्हाऊ द्या, सिस्टर. गारठा लागंल तिला."

बीपी बरा होता, ऑक्सिजन बरा होता. निशानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत. पण मावशी म्हणतायत ना, मग मुलाला बसू द्या." झालं. त्या हातापुढं डॉक्टरांचंही काही चालेना.

विश्वजीतनं चुलतभावाला फोन करून सांगितलं, "माझी पाळी तू घे." मग चावी खिशात टाकली आणि स्टूल ओढून बसला. आधी दोनदा घड्याळ बघितलं. मग सारजाबाईंनी त्याच्या लहानपणीच्या कपिला गाईचं काढलं. कपिला दोन वेताची असताना विकली की तीन, यावर मायलेक तासभर भांडले. दुपारी त्यानं भात कालवून भरवला. चार वाजता निशा औषध घेऊन गेली, तर हा गडी आईची वेणी घालत होता, अगदी वाकडीतिकडी, आणि म्हातारी खुदुखुदु हसत होती. निशाचे डोळे भरून आले. शेवटचं हसतेय बिचारी, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी चहाबरोबर दोन बटर मागितले. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या पायांनी घरी गेल्या.

"मावशी, हाताचा सेल बदला आता," म्हणून वॉर्डानं केसरबाईला पुरतं भंडावलं. पुढच्या ट्रेनिंगमध्ये निशानं हेच उदाहरण दिलं. म्हणाली, "केसरबाईसुद्धा चुकू शकतात. म्हणून अंदाजानं बोलायचं नाही." केसरबाई मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसून राहिली. निशाला नंतर फार वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये विश्वजीत पुन्हा आला. डोकं भादरलेलं होतं, हातात एक पिशवी होती.

"आई गेली, मावशी. मी पाळीवर होतो. घरी येस्तोवर झोपेतच गेली." त्यानं पिशवी पुढं केली. "कुरडया हायत. आईनंच केल्या. त्या हातवाल्या मावशीला नेऊन दे म्हणली होती."

केसरबाईनं पिशवी छातीशी धरली.

"खरं सांगतो, त्या येळी तुमचा लई राग आलता मला. पण मोठा झाल्यापासून आईजवळ दिवसभर बसलो, तो तेवढाच." केसरबाईनं आईच्या मायेनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

तो गेल्यावर निशा आणि केसरबाई दवाखान्याच्या पायरीवर टेकल्या. निशानं रुमालानं डोळे पुसले.

"मावशी, सव्वीस वर्षांत तेवढा एकदाच कसा हो चुकला तुमचा हात?"

केसरबाईनं पिशवीचं तोंड उघडून कुरडया पाहिल्या, एक मोडली होती ती निशाच्या हातावर ठेवली.

"हात कुठं चुकला, सिस्टर," ती म्हणाली. "तळवे गरमच होते तिचे."