जिराफाची गोष्ट तीनदा

जिराफाची गोष्ट तिसऱ्यांदा समोर आली, तेव्हा कुंदाताईंचा हात बाइंडिंगच्या मशीनवर थबकला. जर्मनीत डार्मश्टाटमध्ये युनिव्हर्सिटीजवळच्या कॉपीशॉपमध्ये त्या सुनेबरोबर आल्या होत्या. सुनेच्या आईने, साधनाताईंनी, नातीच्या सातव्या वाढदिवसासाठी गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांची पुस्तिका तिथल्या मशीनवर आपली आपणच बांधायची होती. सून नंदिनी काउंटरवर कव्हरचा रंग निवडत होती. कुंदाताईंनी पानं मागे-पुढे चाळली. ट्राममध्ये मान न मावणारा जिराफ. तोच, तीन वेळा लिहिलेला.

दोन्ही आज्या दोन महिन्यांपासून एकाच घरात राहत होत्या. साधनाताई निवृत्त शिक्षिका. कुंदाताईंचं सांगलीत झेरॉक्सचं दुकान होतं. अन्वी साधनाताईंना नुसतं ‘आजी’ म्हणायची आणि यांना ‘कुंदाआजी’. झोपायची साधनाताईंच्याच कुशीत. कुंदाताईंनी काही विचारलं, तर जर्मनमध्ये एक शब्द टाकून पळायची. साधनाताईंसाठी मात्र अडखळत का होईना, मराठी शोधायची. कुंदाताईंना ते रोज टोचायचं.

नंदिनीला हाक मारून पानं दाखवता आली असती. कुंदाताईंनी ती ठोकून सारखी केली. हँडल दाबून कडेला भोकं पाडली. प्लॅस्टिकच्या कण्याचे दात उघडले आणि तिन्ही जिराफ त्यात अडकवले. वाचू देत चारचौघांत, त्यांना वाटलं. विहीणबाईंची गोष्टींची पोतडी केवढी आहे ते कळेल सगळ्यांना.

शनिवारी दुपारी केक कापून झाल्यावर साधनाताई वाचायला बसल्या. चार जर्मन मैत्रिणींना अन्वी भाषांतर करून सांगत होती. जिराफाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि मुली खिदळल्या. आणखी दोन गोष्टी झाल्या. मग साधनाताईंनी पान उलटलं आणि पुन्हा जिराफ ट्राममध्ये चढला. तोच आवाज, तेच थांबे. मान बाहेर निघाली, तेव्हा त्यांनी हसून मुलींकडे पाहिलं. कुणी हसलं नाही.

“आजी, ही झाली ना मघाशी,” अन्वी म्हणाली.

साधनाताईंनी पानं मागे उलटली, पुढे उलटली. त्यांच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं. नंदिनीच्या कपाळावर आठी पडली. याच क्षणाची कुंदाताईंनी तीन दिवस वाट पाहिली होती. आता तो त्यांना बघवेना.

“माझा घोळ झाला,” त्या उठत म्हणाल्या. “बांधताना तीच पानं परत घातली गेली.”

“अहो आई, तुमच्याकडून?” नंदिनीने विचारलं.

“वय झालं आता माझं.” त्यांनी पुस्तिका विहिणीच्या हातातून हळूच काढून घेतली आणि नंदिनीला पोरींना केक द्यायला सांगितलं.

संध्याकाळी कुंदाताई बशा विसळत होत्या. साधनाताई आत आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“तुम्हाला दुकानातच कळलं असणार,” त्या म्हणाल्या.

कुंदाताईंनी नळ बंद केला. मान वर करवेना.

साधनाताईंनी त्यांचा ओला हात धरला. “नंदिनीला माझं हे विसरणं सांगेन मीच. पण मी अन्वीला ओळखेनाशी व्हायच्या आत तिच्यासाठी सगळ्या गोष्टी लिहून ठेवायच्या होत्या हो.”