फाडलेलं पान

"हे पान मी फाडलं होतं. माझ्या हातानं फाडलं होतं!"

म्हातारीने नवं मासिक इस्त्रीच्या टेबलावर आपटलं. मुलगा हसला. त्याला वाटलं, कथा छापून आली म्हणून आई लाजतेय.

"आठ तुकडे केले होतेस. टोपलीतून वेचले, चिकटपट्टीनं जोडले आणि टाइप करताना कथेत घातले. संपादक म्हणाले, सगळा जीव त्या पानातच आहे."

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

चौदा वर्षं म्हातारीचा नेम ठरलेला. दुपारची भांडी आवरली की इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून लिहायचं. बसलं की डोळा लागतो. लिहिण्याआधी कालचं शेवटचं पान फाडायचं आणि आठवून पुन्हा लिहायचं. जे आठवणार नाही, ते राहायच्या लायकीचं नव्हतं. शाळा चौथीतच सुटली होती, पण या नेमापुढे तिने घरात कुणाची मात्रा चालू दिली नव्हती. पाहुणे आले तरी दारातच बसत.

हे एक पान मात्र तिला अक्षर न् अक्षर आठवत होतं. तरी तिने ते पुन्हा लिहिलं नव्हतं.

त्या पानात एक बाई बाथरूमचा नळ पूर्ण सोडते, पालथ्या बादलीवर बसते आणि तोंडात टॉवेल कोंबून रडते. मग तोंड धुऊन बाहेर येते आणि नवऱ्याला विचारते, भाजी कुठली करू?

"खरं सांगू, आई? जोडताना माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, कसल्या घरात पडली बिचारी!"

"तुझ्या अंगावर?" म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "एकेक ओळ जुळवलीस रे मेल्या. डोळे काय खुंटीला टांगले होतेस?"

"आता मी काय केलं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. संपादकांचा होता. तो खिडकीशी जाऊन मोठमोठ्याने हसत बोलू लागला.

सून वाळलेले कपडे घेऊन आली. मासिक उघडंच पडलं होतं. कपड्यांचा ढीग एका हातावर पेलत तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. म्हातारीला ते हिसकावून घेता आलं असतं. हात उचलला नाही.

वाचून झाल्यावर सून हळूच म्हणाली, "हिरवा टॉवेल. रंगसुद्धा तोच ठेवलात, आई."

"मी फाडलं होतं गं ते."

"हो. लिहून झाल्यावर."

घरात आजवर म्हातारीला कुणी उलट बोललं नव्हतं. बोललं असतं तर तिने सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तिने नुसतं मासिक मिटलं. सुनेने कपडे टेबलावर ठेवले, वरच्या सदऱ्याची बाही आत दुमडली आणि ती बाथरूममध्ये गेली. आतून कडी लागली. नळ पूर्ण सुटला.

मुलाने फोनवर हात ठेवला. "आई, त्यांना पुढच्या अंकासाठी दोन पानं हवीत. तू रोज कधी बसतेस, कशी लिहितेस, असं काहीतरी. आणि विचारताहेत, ही बाई तुला सापडली तरी कुठे?"

म्हातारीला राग त्याचा आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. तिने बोट उचललं आणि बाथरूमच्या बंद दाराकडे रोखून धरलं.

मुलाने दाराकडे बघितलं, कान दिला आणि मान डोलावली.

"हो गं, सांगतो तिला," तो म्हणाला. "केव्हाचं पाणी वाया घालवतेय."